ती हिशोब लावत होती

नाशिकच्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. लग्नांचे फोटो काढणं हा त्यांचा व्यवसाय. पत्र मोठं आहे, त्यातला गाभा त्यांच्याच शब्दांत देते.

‘2018 च्या मार्चमध्ये मी 23 वर्षांचा होतो, कॅमेरा नवा होता. सीबीएस चौकातून किसान सभेचा लाँग मार्च निघाला आणि मी सोबत निघालो तो थेट आझाद मैदानापर्यंत. पुढे 2023 च्या मोर्चातही वासिंदपर्यंत होतो. दोन्ही मिळून साडेचार हजार फोटो आहेत आणि आता त्यांचं पुस्तक करायचं आहे. मित्र म्हणतो, चेहरे बोलतात, एक शब्दही छापू नकोस. बहीण अर्थशास्त्र शिकवते. ती म्हणते, हे लोक रस्त्यावर का आले ते सांगितलं नाहीस तर ते गरिबीचं प्रदर्शन होईल, आकडेवारी दे. मला दोघांचंही पटतं. एका आजीच्या सोलवटलेल्या तळपायांचा माझा फोटो एका स्पर्धेत पहिला आला, 5,000 रुपये मिळाले. तोच मुखपृष्ठावर घ्यायचा आहे. पण तिचं नाव मला माहीत नाही. “सुरगाण्याकडची आहे” एवढंच कुणीतरी म्हणालं होतं. सगळे फोटो कृष्णधवल केले तर चांगले दिसतील का, हेही सांगा. – आ.’

प्रिय आ.,

तुमचं पत्र वाचताना मला 2013 चा उन्हाळा आठवला. तो आधी सांगते, कारण मला जे म्हणायचं आहे ते मी तिथेच शिकले.

दुष्काळाचं वर्ष होतं. माण तालुक्यातल्या एका चारा छावणीत मी फोटो काढायला गेले होते. शेकडो जनावरं, उसाच्या वाढ्यांचे भारे, पाण्याचा टँकर आला की उठणारी धावपळ. एका दावणीशी चाळिशीची एक बाई खाली मान घालून, कपाळावर मूठ टेकवून बसली होती. उजेड छान तिरपा होता. मी तीन-चार फोटो घेतले आणि पुढे गेले. फोटो छापून आला. खाली ओळ होती, ‘दुष्काळानं हताश झालेली शेतकरी महिला’. ती ओळ मीच लिहून दिली होती.

पुढच्या महिन्यात त्याच छावणीत परत जाणं झालं, तेव्हा ते पान बरोबर नेलं होतं. वाटलं, तिला बरं वाटेल. तिनं फोटो बराच वेळ पाहिला, शेजारच्या मुलाकडून खालची ओळ वाचून घेतली आणि म्हणाली, “रडत न्हवते बाई मी. हिशोब लावीत हुते.”

मग तिनं हिशोब सांगितला. डेअरीचं दहा दिवसांचं बिल आलं होतं. दूध निम्म्यावर आलेलं. पशुखाद्याची उचल बिलातून कापून घेतलेली. गाय व्यायला झालेली, म्हणजे पुढचे काही दिवस तेही नाही. मुलीची वसतिगृहाची फी भरायची होती. गाय आत्ता विकली तर किती येतील आणि पाऊस पडल्यावर तशीच गाय घ्यायला किती लागतील, यातली फोड ती मनात करत होती. बोटांची पेरं मोजता मोजता मूठ कपाळाशी गेली होती, एवढंच. मी तिचा विचार करणारा चेहरा काढला होता आणि हरलेला म्हणून छापला होता.

त्या दिवसापासून दुःखी दिसणारा कुठलाही चेहरा मी आधी हिशोब लावणारा चेहरा म्हणून बघते. तुमच्या साडेचार हजार फोटोंकडेही तुम्ही तसं बघावं असं मला मनापासून वाटतं. मोर्चातला माणूस कळवळून रस्त्यावर आलेला नसतो. बेरीज-वजाबाकी करून, घरात बोलून, काय बुडेल याचा अंदाज घेऊन आलेला असतो. तुमचं पुस्तक त्या बेरीज-वजाबाकीचं झालं पाहिजे.

तुमच्याच मोर्चातलं उदाहरण घ्या. 6 मार्चला निघून 12 मार्चला आझाद मैदानात पोहोचलेल्या, सुमारे 180 किलोमीटर चाललेल्या त्या लोकांमध्ये सुरगाणा, पेठ, कळवण, दिंडोरीच्या आदिवासींचा भरणा होता. मार्चचा पहिला पंधरवडा म्हणजे त्यांच्यासाठी कोणता काळ? डोंगरात भात, नागली, वरई, खुरासणी कधीच निघालेली असते. दिवाळीनंतर अर्धं गाव दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला उतरलेलं असतं आणि मार्चमध्ये द्राक्षांची तोडणी जोरात असते. वर्षात हातात रोख पैसा येण्याचे जे थोडे आठवडे असतात, त्यातलाच एक त्या माणसांनी चालण्यात घालवला. बरोबर तांदूळही घरचाच आणला होता, गावागावांतून गोळा करून. ही गोष्ट तुमच्या एकाही फोटोत दिसत नसणार, कारण न मिळालेली मजुरी फोटोत येत नाही. पण कसारा घाटातून उतरणाऱ्या त्या लांबच लांब लाल रांगेचा फोटो बघणाऱ्याला हे माहीत असेल, तर तोच फोटो वेगळा दिसतो. प्रत्येक माणूस सहा-सात दिवसांची रोजी भरून त्या रांगेत उभा आहे.

म्हणून तुमच्या मित्राचं म्हणणं मला मान्य नाही. चेहरे बोलतात हे खरं, पण ते काय बोलतात हे बघणारा स्वतःच ठरवतो. मी छावणीत तेच केलं.

ताईंचं म्हणणं मला अधिक पटतं, पण त्यांच्याही वाटेनं पूर्ण जाऊ नका. मागच्या बाजूला वीस पानं तक्ते दिले तर ती कुणी वाचणार नाही. शिवाय तक्त्यातला ‘सरासरी शेतकरी’ तुमच्या एकाही फोटोत नाही. तुम्हाला हवा आहे एका घराचा आकडा, त्या घराच्या तोंडून आलेला, त्यांच्या कागदावरचा.

कागदावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझ्या मते तुमचं अर्धं पुस्तक तिथे आहे.

वनहक्क कायदा 2006 चा. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जी वनजमीन आदिवासी कुटुंब कसत आहे, तिचा हक्क 4 हेक्टरपर्यंत त्याला मिळावा असं कायदा म्हणतो. दावा आधी ग्रामसभेपुढे, मग उपविभागीय समिती, मग जिल्हास्तरीय समिती असा वर चढतो. कुठल्याही पायरीवर ‘पुरावा द्या’ म्हणून अडू शकतो. आता पुरावा कुठून आणायचा? ज्या जमिनीवर तुमचं असणंच बेकायदा ठरवलं होतं, तिथे तुम्ही होता याचा कागद सरकार कसा देईल? पण एक कागद सरकारनं दिलेला होता. अतिक्रमण केलं म्हणून वनखात्यानं केलेल्या दंडाची पावती. आजोबांना गुन्हेगार ठरवणारी ती जुनी पावती नातवाच्या हक्काचा पुरावा झाली. प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी पत्र्याच्या पेटीत, पेटी माळ्यावर, अशा जपून ठेवलेल्या पावत्या मी पाहिल्या आहेत. घडीवर विरलेल्या, मागून चिकटपट्टी लावलेल्या. या एका पावतीचा, ती धरणाऱ्या हातांसकट काढलेला फोटो तुमच्या पुस्तकात असला, तर कायद्यावर चार ओळींहून जास्त लिहावं लागणार नाही.

हक्काचा पट्टा मिळाला तरी गोष्ट संपत नाही. तो नवरा-बायको दोघांच्या नावावर असतो. हे कायद्यातलं फार चांगलं कलम आहे, आणि तुमच्या फोटोंतल्या बायकांना त्याबद्दल आवर्जून विचारा. पण तो विकता येत नाही, हस्तांतर करता येत नाही. जमीन हातची जाऊ नये म्हणून हे ठीकच आहे. मात्र गहाण ठेवायला काही नाही म्हटल्यावर बँक हात आखडता घेते. मग बियाणं-खताची उधारी दुकानदाराकडे आणि आजारपणाची सावकाराकडे. आता कर्जमाफीचा विचार करा. जून 2017 मध्ये पुणतांब्यातून सुरू झालेल्या शेतकरी संपानंतर राज्य सरकारनं दीड लाखापर्यंतची कर्जमाफी जाहीर केली. ती बँकेच्या कर्जाची. ज्याला बँकेनं दारातच उभं केलं नाही त्याचं काय माफ होणार? लाँग मार्चमध्ये जमिनीची मागणी आणि कर्जमाफीची मागणी एकाच पत्रकात होती. वरवर पाहता त्या दोन वेगळ्या गोष्टी वाटतात, पण सुरगाण्याच्या एका घरात त्या एकाच दोरीला बांधलेल्या आहेत. त्या वेळी सरकारकडून विधानसभेत असंही सांगण्यात आलं की मोर्चातले बहुसंख्य लोक तांत्रिकदृष्ट्या शेतकरी नाहीत, ते वनजमिनीचा हक्क मागणारे गरीब आदिवासी आहेत. हे वाक्य मला विसरता येत नाही. पिढ्यान्‌पिढ्या नागली पिकवणारा माणूस शेतकरी नाही, कारण सातबारा नाही. आणि सातबारा नाही म्हणूनच तर तो चालत आला होता.

2023 च्या फोटोंचा कागद वेगळा आहे. तो मोर्चा दिंडोरीहून निघाला तेव्हा लाल कांद्याचे भाव पडले होते. उन्हाळ कांदा कांदाचाळीत भरून चार-सहा महिने थांबता येतं, लाल कांद्याला ती सोय नाही. काढला की विकायचा, नाहीतर डोळ्यांदेखत सडतो. त्यामुळे भाव कोसळला की लाल कांदावाल्याला ‘थांबू’ म्हणायची मुभाच नसते. तुमच्या फोटोंत ट्रॉलीतला कांदा रस्त्यावर ओतल्याचे फोटो असतील तर त्यांच्या शेजारी बाजार समितीतली हिशोबपट्टी छापा. वजन, भाव, आणि त्यातून वजा होणारी हमाली, तोलाई, वाराई, गाडीभाडं. त्याच वर्षी फेब्रुवारीत सोलापूरच्या बाजारात 512 किलो कांदा घेऊन आलेल्या एका शेतकऱ्याला किलोला 1 रुपया भाव लागला आणि सगळं वजा जाता 2 रुपये 49 पैसे उरले. हातात धनादेश पडला 2 रुपयांचा. तो धनादेश देशभर पाहिला गेला, कारण कुणीतरी त्याचा फोटो काढला होता. रडणाऱ्या शेतकऱ्याच्या फोटोनं इतकं काम केलं नसतं.

मोर्चानं क्विंटलला 600 रुपये अनुदान मागितलं. सरकार आधी 300 म्हणालं, मग 350 वर आलं, तेही 200 क्विंटलच्या मर्यादेत. अर्जाला मूळ विक्रीपट्टी आणि सातबारा हवा होता. पट्टी खिशात भिजली, हरवली, तर अनुदानही गेलं. आणि ज्याची जमीन अजून वनहक्काच्या दाव्यात अडकली आहे आणि तरी कांदा लावला होता, त्यानं सातबारा कुठून आणला? हा प्रश्न तुम्ही दिंडोरीच्या पश्चिमेकडच्या गावांत विचारा. मी उत्तर गृहीत धरत नाही, पण 2018 आणि 2023 यांना जोडणारा धागा इथे सापडेल असं मला वाटतं. सध्या तुमच्याकडे दोन मोर्चे आहेत. ते एका पुस्तकात का आहेत, हे अजून तुमचं तुम्हालाच कळलेलं नाही, असं पत्रावरून दिसलं.

आता आजीच्या पायांविषयी.

1936 च्या मार्चमध्ये अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथल्या वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर डोरोथिया लँग या छायाचित्रकार बाईंनी एका आईचे फोटो काढले. मंदीचा काळ, गोठवणाऱ्या थंडीनं पीक गेलेलं, म्हणून मजुरी नाही. खांद्यांवर तोंड लपवलेली दोन मुलं, मांडीवर तान्हं, गालाशी हात नेलेली आई. लँग सरकारी योजनेसाठी काम करत होत्या. काही मिनिटांतच काम आटोपून त्या निघाल्या. नाव विचारलं नाही. तो फोटो जगातल्या सर्वाधिक छापल्या गेलेल्या फोटोंपैकी एक झाला आणि ती बाई 40 वर्षं निनावी राहिली. 1978 मध्ये तिचं नाव लोकांना कळलं, फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन. तिच्या मनात त्या फोटोबद्दल कडवटपणा होता. तिला त्यातून एक छदामही मिळाला नव्हता. फोटोसोबत टायर विकून अन्न घेतल्याची जी हकिगत जोडली गेली होती, तीही आपली नाही असं त्या कुटुंबाचं म्हणणं होतं. म्हातारपणी ती आजारी पडली तेव्हा मुलांना उपचारासाठी लोकांकडे मदत मागावी लागली.

लँगना दोष देऊन मी मोकळी होत नाही, कारण 2013 मध्ये मीही नाव विचारलं नव्हतं. पण त्याच लँगनी 1939 मध्ये नवरा पॉल टेलर यांच्याबरोबर ‘अ‍ॅन अमेरिकन एक्झोडस’ हे पुस्तक केलं. टेलर शेतीचे अर्थतज्ज्ञ होते. गाव सोडून रस्त्याला लागलेल्या शेतकरी कुटुंबांच्या फोटोंखाली त्या माणसांचीच, तिथल्या तिथे टिपून घेतलेली वाक्यं आहेत आणि सोबत टेलर यांनी सांगितलेली कारणं. एका पानावर ट्रॅक्टरच्या सरळ तासांनी अंगणापर्यंत नांगरून टाकलेलं रिकामं घर दिसतं. मजकुरातून कळतं की पेरा कमी करण्यासाठी सरकारनं दिलेल्या पैशातून जमीनमालकांनी ट्रॅक्टर घेतले आणि कुळांना काढलं. त्या पानावर माणूस नाही, तरी ते माणसांविषयीच आहे. तुम्ही आणि तुमची बहीण मिळून असं काही करू शकता. पुस्तकावर दोघांची नावं यावीत असं मी सुचवते. त्यांना मागच्या पानांवर प्रस्तावनेपुरतं बसवू नका.

तर आजी. तो फोटो मुखपृष्ठावर घेऊ नका. ते पाय मुंबईनं पाहिले तेव्हा मुंबई हलली होती, हे मी विसरलेले नाही. लोकांनी पाण्याच्या बाटल्या आणल्या, बिस्किटं आणली, कुणी चपला आणल्या. ते सगळं खरं होतं आणि चांगलं होतं. पण चपला मिळाल्या की पायांचा प्रश्न सुटतो, जमिनीचा सुटत नाही. 12 मार्चला वनहक्काचे दावे सहा महिन्यांत निकाली काढण्याचं लेखी आश्वासन मिळालं आणि पुढच्याच वर्षी, 2019 च्या फेब्रुवारीत, लोकांना पुन्हा निघावं लागलं. मुखपृष्ठावर पाय आले की पुस्तक हातात घेणारा आधी कळवळेल आणि मग सगळं पुस्तक त्या कळवळ्यातूनच वाचेल. पाय आत असू द्या, बरेच आत. दंडाची पावती, द्राक्षबागेतली मजुरी, दाव्याचा नाकारल्याचा कागद हे सगळं येऊन गेल्यावर. तोवर वाचणाऱ्याला ते पाय कुठून कुठे निघाले होते हे ठाऊक झालेलं असेल.

आणि ते पाय तिच्या संमतीनं असू द्या. तिला शोधा. अवघड वाटतं तेवढं ते नाही. साडेचार हजारांतले ज्यात चेहरे स्पष्ट आहेत असे दीडेकशे फोटो निवडा, पोस्टकार्डाएवढे छापून घ्या आणि आठवडे बाजाराच्या दिवशी सुरगाण्याला जाऊन बसा. किसान सभेच्या गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांना आधी भेटा, ते कोण कुठल्या पाड्याचं हे सांगतील. फोटो वाटत जा. लोक फोटोत स्वतःला शोधतात, मग भावाला, मग त्या वेळी बरोबर असलेल्या आणि आता नसलेल्या माणसाला. बोलणं तिथून आपोआप सुरू होतं. ‘तुमच्या आर्थिक अडचणी काय?’ असं कुणाला विचारू नका. ‘त्या आठवड्यात घरी कोण थांबलं होतं? पैसे कुठून आणले? परत आल्यावर काय झालं?’ असं विचारा. परत येतानाचंही विचाराच. जाताना पायी गेलेले लोक विशेष रेल्वेगाड्यांनी परतले, त्या डब्यांतले फोटो कुणाकडेच फारसे नाहीत. तुमच्याकडेही नसतील, पण आठवणी त्यांच्याकडे आहेत.

आजी सापडली तर तिला 5,000 रुपयांचं सांगा. लपवू नका. पाकीट पुढे करून मोकळेही होऊ नका. ‘तुमच्या पायांच्या फोटोला बक्षीस मिळालं, एवढे पैसे आले, काय करायचं ते तुम्ही सांगा’ असं म्हणा आणि ती काय म्हणते ते ऐका. ती म्हणाली फोटो नको, तर तो पुस्तकात येणार नाही. तुमचा सगळ्यात चांगला फोटो गेला तरी चालेल. आजी हयात नसेल तर घरच्यांना विचारा.

नावं छापण्याबद्दल मात्र सरसकट नियम करू नका. मला वाटतं ज्यांना नाव हवं त्यांचं पूर्ण नाव, गाव, पाडा सगळं यावं. मोर्चात गेल्याचा अभिमान असलेली माणसं खूप भेटतील. पण आंदोलनांत लोकांवर गुन्हे दाखल होतात, दावा अजून समितीच्या टेबलावर असतो, बागायतदाराला मजूर मोर्चात गेलेला आवडत नाही. ज्याला यातलं काही अंगाशी येईल असं वाटतं, त्याचा चेहरा घेऊ नका. हात घ्या, घर घ्या, कागदावरचं नाव झाकून कागद घ्या. ‘तेव्हा तर काढू दिला होता की फोटो’ हे उत्तर होऊ शकत नाही. तेव्हा तो हजारोंमध्ये चालत होता. पुस्तकाच्या पानावर तो एकटा असेल.

कृष्णधवलचं सांगते. नको. कृष्णधवल मला स्वतःला फार आवडतं, माझं निम्मं काम त्यातलं आहे. सेबास्तिआव साल्गादो यांचे खाणीतल्या आणि मळ्यांतल्या कामगारांचे फोटो तुम्ही नक्की पाहिले असतील. ते स्वतः आधी अर्थतज्ज्ञ होते. त्यांच्या फोटोंपुढे मी तासन्‌तास बसले आहे आणि त्यांच्यावर होणारी टीकाही मला कळते, की दारिद्र्य इतकं देखणं झालं की बघणारा त्या देखणेपणातच अडकतो. पण तुमच्या बाबतीत कारण त्याहून साधं आहे. त्या टोप्या लाल होत्या, झेंडे लाल होते. लोक एका संघटनेच्या झेंड्याखाली, ठरवून, मागण्यांची यादी घेऊन आले होते. रंग काढलात की उरतात फक्त थकलेली माणसं, कुठल्याही काळातली, कुठल्याही देशातली. ‘कालातीत’ या शब्दाचा मोह टाळा. या माणसांचं भांडण तारखेसकट आहे. शिवाय लाल कांदा आणि उन्हाळ कांदा कृष्णधवलमध्ये सारखेच दिसतील.

छपाईचं फार बोलत नाही. पानं फर्म्याच्या, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकदम छापल्या जाणाऱ्या पानांच्या हिशोबात ठेवा, शिलाई बांधणी करा, पहिल्यांदा शंभर-दीडशे प्रतीच डिजिटलवर काढा आणि किंमत ठरवताना गावात वाटायच्या प्रती आधी बाजूला काढा. प्रकाशक मिळाला तर उत्तम, नाही मिळाला म्हणून थांबू नका. छपाईला देण्याआधी डमी घेऊन एकदा पाड्यावर जा आणि पानं उलटून दाखवा. फोटोखालच्या ओळी वाचून दाखवा. माझ्या त्या एका ओळीसारखी एखादी ओळ तिथेच पकडली जाईल.

अजून काढायचे राहिलेले फोटो तुम्हाला मोर्चात मिळणार नाहीत, म्हणून पुढच्या मोर्चाची वाट बघू नका. दिवाळीनंतर महिनाभरानं सुरगाण्याच्या पाड्यांवर जा, कुलूप लावलेली दारं मोजा. तीच माणसं दिंडोरीच्या बागेत ताडपत्रीखाली राहतात ते बघा. मार्च-एप्रिलमध्ये राब, म्हणजे भाताच्या रोपांसाठीची जमीन भाजताना जा. आजीला शोधायला मात्र पावसाच्या तोंडावर, जूनच्या पहिल्या आठवड्यात जा. तेव्हा बागांवर गेलेली माणसं घरी परतलेली असतात. एकदा आवणी, म्हणजे भाताची लावणी, लागली की चिखलातून वर मान करून बोलायला कुणालाही वेळ नसतो.